नवा ओसी आला की आधी काय बघायचं: फवारणीच्या वहीची मागची पानं

डिसेंबरात आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. बागेत थिनिंग चालू असतं, पेठ-सुरगाण्याकडची टोळी सकाळी सातला हजर असते, आणि पहाटे धुकं पडलं की भुरीची धास्ती. अशात २०२२ च्या डिसेंबरात मॅडिसनहून भाच्याचा मेसेज आला. "मावशी, आमचा नवा ओसी ठरला. आता बघ तुम्हाला कसं तुडवतो." खाली ज्वाळांची चार चित्रं. ओसी म्हणजे तिकडच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या आक्रमणाचा कोच.

"आम्ही" म्हणजे विस्कॉन्सिन. पोरगा ऑगस्टात एमएसला गेला आणि दिवाळीपर्यंत पुरता लाल होऊन बसला. "तुम्ही" म्हणजे आयोवा. मी १९९९ ते २००१ आयोवा सिटीत हायड्रॉलिक्स शिकले, त्यामुळं माझा रंग काळा-पिवळा. दोन्ही राज्यं एकमेकांना लागून. या दोन कॉलेजांचा फुटबॉलचा सामना झाला की जिंकणाऱ्याला पितळेचा बैल मिळतो, अगदी पोळ्याला मिरवावा असा. बैल कोणाकडं आहे यावरून आम्हा मावशी-भाच्यांचं वर्षभर बोलणं नाहीतर अबोला.

हा फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, अंडाकृती चेंडूचा. ज्यांची पोरं तिकडं शिकतात त्यांना शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर त्याचा त्रास होतोच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं, जमलं तर पुन्हा चार प्रयत्न. जमेना असं दिसलं की चौथ्या प्रयत्नाला चेंडू लाथेनं लांब भिरकावून द्यायचा, त्याला पंट म्हणतात. चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपार नेला की टचडाऊन, त्याला सहा गुण आणि वर एक बोनस. लाथेनं चेंडू खांबांमधून घातला की फील्ड गोल, त्याला तीन. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे ओसी, हा आक्रमणाचा कारभारी. पळायचं की फेकायचं, कोणाकडं, कुठून, हे सामन्यातल्या साठ-सत्तर वेळा तो ठरवतो. मुख्य कोच त्याच्या वरचा.

दर डिसेंबर-जानेवारीत कुठल्या ना कुठल्या कॉलेजात नवा ओसी येतो आणि पोरं नाचायला लागतात. तेव्हा मी काय बघते ते लिहून ठेवते आहे. माझी पद्धत फुटबॉलमधून आलेलीच नाही. ती आली द्राक्षाच्या सल्लागारानं आमचं एक वर्ष घालवलं त्यातून.

घडांचे फोटो

दिंडोरी तालुक्यात आमची सहा एकर बाग आहे. काही वर्षांपूर्वी एका सल्लागाराचं नाव फार गाजत होतं, नाव इथं घेत नाही. शेजारच्या गावातल्या ज्या बागेवर त्याचं नाव झालं होतं, तिथले घड बघून आमचे सासरे, आप्पा, परत येताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्याच दिवशी सल्लागार ठरला.

ती बाग चार वर्षांची होती, डॉगरिजच्या खुंटावर, मुरमाड जमिनीत. आमची थॉमसन चौदा वर्षांची, स्वमुळावरची, काळ्या भारी जमिनीत. त्यानं खरड छाटणीनंतर तेच खत, तेच पाणी, तेच वेळापत्रक दिलं. वेल असे माजले की मांडवाखाली दुपारी बारालाही अंधार. ऑक्टोबर छाटणी केली, डोळे फुटले, आणि घड जिरले. जिथं घड दिसायचा तिथं बाळी. सल्लागार म्हणाला, हवामान ढगाळ होतं. ढगाळ होतंही, त्याचं तेवढं खरं. पण शेजारच्या गावावर काय वेगळं आभाळ होतं?

त्या वर्षी मी फवारणीच्या वहीच्या मागच्या पानावर तीन उभ्या रेघा मारल्या आणि वर लिहिलं: तो यायच्या आधी, तो असताना, तो गेल्यावर. शेजारच्या बागेची माहिती काढली. तो यायच्या आधीही तिथं एकरी माल चांगलाच निघत होता. त्याला सोडल्यावरही तेवढाच निघाला.

ओसी आला की पहिलं काम हेच. जुन्या कॉलेजचे तो यायच्या आधीचे, तो असतानाचे आणि तो गेल्यानंतरचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे. कॉलेजनं काढलेलं निवेदन वाचूच नका. त्यात प्रत्येकजण "आक्रमक", "समतोल" आणि "खेळाडूंच्या ताकदीनुसार" खेळवणारा असतो. लग्नाच्या बायोडाट्यात प्रत्येक मुलगा निर्व्यसनी असतो तसं.

या तीन रकान्यांनी मोठी मोठी नावं वितळतात. जॉश गॅटिस २०२१ मध्ये मिशिगनचा ओसी होता. संघ १२-२ नं गेला, म्हणजे बारा विजय आणि दोन हार, त्याला देशातल्या सर्वोत्तम सहायक कोचचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. मायामीनं त्याला उचललं. २०२२ मध्ये मायामी ५-७, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याला नारळ. तिकडं मिशिगननं त्याच्याशिवाय त्याच २०२२ मध्ये तेरा सामने जिंकले आणि एकच हरला. तिसरा रकाना भरल्याशिवाय पहिल्या दोनाला अर्थ नाही, तो असा.

आमच्या आयोवाचाच एक दाखला मला जास्त जवळचा आहे. २०१२ मध्ये ग्रेग डेव्हिस ओसी म्हणून आला. टेक्सासच्या २००५ च्या राष्ट्रीय विजेत्या संघाचा ओसी, केवढं नाव! पण त्या टेक्सासकडं क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, होता व्हिन्स यंग, ज्याला कुठलीही खेळी द्या, तो तिचं सोनं करायचा. आयोवात जेम्स व्हँडेनबर्ग होता. आदल्या वर्षी त्यानं २५ टचडाऊन पास टाकले होते. डेव्हिसच्या पहिल्या वर्षी तोच मुलगा सातवर आला आणि संघ ४-८. मुलगा तोच होता, वयानं एक वर्ष मोठा. बदलला होता फक्त सल्लागार. मग २०१५ मध्ये दुसरा क्वार्टरबॅक आला आणि त्याच डेव्हिसच्या हाताखाली नेहमीचे बाराही सामने जिंकले. म्हणजे डेव्हिस वाईट होता असंही ठामपणे म्हणवत नाही. माती आणि सल्लागार एकमेकांच्या सवयीचे व्हायला तीन वर्षं लागली. कॉलेजला एवढा दम कुठं असतो!

खेळी नेमकी कोण सांगत होतं

पाटीवरचं नाव आणि काम वेगळं असू शकतं. २०१९ चा एलएसयूचा, म्हणजे लुइझियाना स्टेटचा, संघ १५-० नं गेला. जो बरो नावाच्या क्वार्टरबॅकनं आदल्या वर्षी १६ टचडाऊन पास टाकले होते, त्या वर्षी ६०. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, जो ब्रेडी. ब्रॉयल्सही त्यालाच. पण ब्रेडी ओसी नव्हताच, तो पासिंगचा भाग बघायचा. ओसी होता स्टीव्ह एन्समिंगर, साठीचा शांत माणूस. पुढच्या वर्षी बरो गेला, ब्रेडी गेला, आणि बाकीही निम्मा संघ गेला. एन्समिंगर राहिला. एलएसयू ५-५. ब्रेडी व्यावसायिक लीगमध्ये कॅरोलायनाचा ओसी झाला आणि दुसराच हंगाम संपायच्या आधी तिथून काढला गेला. साठ टचडाऊनांतले किती बरोचे, किती ब्रेडीचे, किती एन्समिंगरचे हे कुणी वेगळं करून दाखवू शकत नाही. म्हणून एका चमकदार वर्षाच्या जोरावर कुणी आला की मी त्याच्या पुढं पेन्सिलीनं लिहिते. पेननं नाही.

उलटही विचारायचं: नव्या जागी त्याला खेळी सांगू देणार आहेत का? बरेच मुख्य कोच स्वतः आक्रमणवाले असतात आणि ओसी नावापुरता. ओहायो स्टेटच्या रायन डेनं २०२४ मध्ये ते काम खरोखर सोडलं आणि चिप केलीच्या हाती दिलं. केली यूसीएलएचं मुख्य कोचपद सोडून ओसी व्हायला आला होता, लोकांनी वेड्यात काढलं. जानेवारी २०२५ मध्ये ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेता झाला. आता कुणी म्हणेल, जेरेमाया स्मिथसारखा पास झेलणारा पोरगा हाताशी असल्यावर कुणीही जिंकेल. मीही तेच म्हणत होते. पण हंगामाच्या मध्येच त्यांच्या पुढच्या फळीतले, म्हणजे समोरच्याला अडवून धरणाऱ्यांतले, दोन मुख्य खेळाडू जायबंदी झाले, आत खेळणाऱ्याला कडेला सरकवावं लागलं, आणि तरी गाडी चालली. गारपिटीनंतर बाग सांभाळणारा सल्लागार मला फोटोवाल्यापेक्षा खरा वाटतो.

माती

आता भाच्याच्या ओसीकडं. फिल लाँगो, नॉर्थ कॅरोलायनाहून आलेला. तिथं त्याच्याकडं आधी सॅम हॉवेल आणि मग ड्रेक मे होता. तोच ड्रेक मे पुढं २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, जिथं व्यावसायिक संघ कॉलेजची पोरं निवडतात, तिसऱ्या क्रमांकावर गेला, यावरून काय माल होता ते कळेल. लाँगोची पद्धत एअर रेड. मैदान आडवं पसरायचं, भराभर खेळायचं, चेंडू हवेत ठेवायचा.

आणि विस्कॉन्सिन? पिढ्यान् पिढ्या तिथं धष्टपुष्ट शेतकऱ्यांची पोरं पुढच्या फळीत उभी राहतात आणि मागून एक रनिंग बॅक चेंडू कुशीत घेऊन घुसतो. दुधाच्या राज्यात आलेली ही नवी पद्धत म्हणून लोक तिला गमतीनं डेअरी रेड म्हणायला लागले. मी भाच्याला त्याच रात्री लिहिलं: "काळ्या जमिनीत मुरमाचं वेळापत्रक. सांभाळ." त्याला काय कळणार, त्यानं अंगठा दाखवला.

मी भविष्य जाणते असं नाही. पहिलं वर्ष ७-६, अगदीच वाईट नव्हतं. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरातच पहिल्या क्वार्टरबॅकचा गुडघा गेला, त्यात लाँगोचा काय दोष? पण २ नोव्हेंबर २०२४ ला आमच्या मैदानावर आयोवा ४२-१० नं जिंकला, आणि त्यानंतर पंधरा दिवसांतच लाँगोला हंगाम संपायच्या आधीच काढलं. विस्कॉन्सिन ५-७ वर संपला. २००१ नंतर पहिल्यांदा जिंकण्यापेक्षा हरणं जास्त. भाचा तीन आठवडे बोलला नाही.

माती तपासायची म्हणजे काय बघायचं? तीन गोष्टी. पुढच्या फळीतली पोरं कशासाठी निवडलेली आहेत: जागेवर उभं राहून समोरच्याला रेटायला, की पळत पळत आडवं सरकायला? दोन्हीला वेगळं शरीर लागतं. दुसरं, क्वार्टरबॅक. खोलीत कोण आहे आणि ओसीबरोबर कोण येतोय? ट्रान्सफर पोर्टलमुळं आता खेळाडू एका हिवाळ्यात कॉलेज बदलतात, त्यामुळं चांगला ओसी आपली काडी बरोबर घेऊन येतो. नेमणुकीनंतर महिनाभरात पोर्टलमधून कोण आलं आणि आपलं कोण गेलं ती यादी निवेदनापेक्षा कितीतरी जास्त सांगते. तिसरं, फळीचा कोच जुनाच ठेवलाय की नवा आणला? ओसी नवा आणि फळीचा कोच जुन्या पद्धतीचा असेल तर पहिले पाच-सहा सामने त्या दोघांच्या भाषेच्या गोंधळातच जातात.

मालक

आप्पांना एका वेलीवर तीस घड ठेवा म्हटलं की ते पंचेचाळीस ठेवतात. "झाडाला झेपतंय," म्हणतात. मग मण्याचा आकार धरत नाही आणि शिव्या सल्लागाराला. हे मी आमच्या घरात वीस वर्षं बघते, त्यामुळं मुख्य कोचचा स्वभाव तपासल्याशिवाय मी कुठल्याच ओसीबद्दल मत देत नाही.

आयोवाचा मालक कर्क फेरेंट्झ. मी आयोवा सिटीत उतरले तो १९९९ चा हंगाम त्याचा पहिला. अकरा सामन्यांत एक विजय. थंडीत कुडकुडत ते बघून मी होस्टेलवर यायचे आणि मुगाची खिचडी टाकायचे. तोच माणूस तेव्हापासून तिथंच आहे. त्याचं धोरण सोपं: चूक करू नका, पंट करा, बचाव आपलं बघून घेईल. अशा मालकाखाली कुठल्याही ओसीचे गुण कमीच दिसणार. संघ सावकाश खेळतो, खेळी कमी होतात, म्हणून सामन्यामागचे गुण बघू नका. दर खेळीमागं किती यार्ड आणि दर ड्राइव्हमागं, म्हणजे चेंडू हाती आल्यापासून तो जाईपर्यंत, किती गुण, हे बघा. शिवाय बचावानं आणि पंट परतवणाऱ्यानं केलेले गुण वजा करा.

हे वजा करणं किती महत्त्वाचं ते मला ३ सप्टेंबर २०२२ ला कळलं. त्या दिवशी घरी गौरी आल्या होत्या. तिकडचा सकाळी अकराचा सामना म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्याच्या सोळा भाज्या निवडायला मी आणि सासूबाई टेबलाशी बसलो होतो, भोपळ्याला टेकवून लॅपटॉप. समोर साउथ डकोटा स्टेट, खालच्या गटातलं कॉलेज. वहीत माझे रकाने असतात: ड्राइव्ह कुठून सुरू, किती खेळी, किती यार्ड, शेवट काय. शेवटात टी म्हणजे टचडाऊन, एफ म्हणजे फील्ड गोल, पं म्हणजे पंट. त्या रात्रीच्या पानावर शेवटच्या रकान्यात पं, पं, पं, पं, खाली खाली नुसती रांग. शेपू संपला, मेथी संपली, गवारीच्या शिरा काढून झाल्या. एक एफ आला.

मग आमच्या बचावानं समोरच्याला त्याच्याच गोलच्या आत पाडलं. त्याला सेफ्टी म्हणतात, दोन गुण. नंतर पुन्हा एकदा. ७-३.

सासूबाईंनी विचारलं, "कोण जिंकलं?"

"आपण."

"मग तोंड असं का?"

सात गुण, आणि त्यात आक्रमणाचे तीन. आकड्यांच्या तक्त्यात मात्र दिसतं: आयोवा, विजय, सात. तेव्हाचा ओसी होता ब्रायन फेरेंट्झ, मालकाचा सख्खा मुलगा. नात्याची अडचण नको म्हणून कागदोपत्री त्याचा वरिष्ठ बाप नव्हता, कॉलेजच्या खेळांचा प्रमुख, ॲथलेटिक डायरेक्टर, होता. आपल्याकडच्या संस्थांतही असे कागद असतात, वेगळं सांगायला नको. त्यात त्या वर्षीपासून क्वार्टरबॅकांना शिकवण्याचं कामही त्याच्याकडं आलं. मुळात तो फळीचा माणूस.

फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच्या करारात बदल झाला, आणि करार वाचायचा कसा हे शिकवायला याच्यासारखा नमुना नाही. पगार पन्नास हजार डॉलरनं कमी करून साडेआठ लाखांवर आणला. अट घातली: सामन्याला सरासरी २५ गुण आणि किमान सात विजय. पंचवीस गुण कोणी करायचे? कोणीही! बचावानं पळवलेला चेंडूही त्यातच धरायचा. लोक दर शनिवारी तेरा सामन्यांचे ३२५ गुण मोजत बसले, जणू निवडणुकीची मतमोजणी. त्या हंगामात आयोवा दहा सामने जिंकला आणि सरासरी निघाली १५.४. ऑक्टोबरातच जाहीर झालं की हंगामानंतर ब्रायन नसेल. कॉन्फरन्सच्या, म्हणजे आमच्या विभागातल्या कॉलेजांच्या, अंतिम सामन्यात मिशिगनकडून ०-२६, आणि १ जानेवारीला टेनेसीकडून ०-३५. त्या वर्षी आमचा सगळ्यांत लाडका खेळाडू पंटर होता. त्याच्या नावाचे टीशर्ट घालून लोक मैदानावर यायचे, आणि त्यात फक्त चेष्टा नव्हती.

तेव्हा करार मिळाला तर पैशापेक्षा अट बघा. कशावर मोजणार आहेत यावरून कॉलेजला काय कळतं आणि काय कळत नाही ते कळतं.

सामना बघताना

चेंडूमागं डोळे धावतात, ती सवय मोडायला मला दोन वर्षं लागली. दर तीन खेळींत एकदा तरी चेंडू सोडून पुढच्या फळीकडं बघा.

पहिल्या पंधराएक खेळी ओसीनं आठवडाभर आधी लिहून ठेवलेल्या असतात. ही पद्धत व्यावसायिक लीगमधल्या बिल वॉल्शनं गाजवली आणि आता सगळेच करतात. त्यामुळं पहिल्या ड्राइव्हचा टचडाऊन हा घरचा अभ्यास. खरा पेपर मध्यंतरानंतर. समोरच्यानं डाव ओळखला, आता काय? मी वहीत मध्यंतराला आडवी रेघ मारते आणि वरचा-खालचा हिशोब वेगळा करते. सुरुवात चुकवायची नाही, त्याला माझं आणखी एक कारण आहे. पहिला क्वार्टर संपला की आयोवाच्या मैदानावरचे सत्तरेक हजार लोक वळून शेजारच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलकडं हात हलवतात. खिडक्यांत आजारी पोरं उभी असतात. ही प्रथा २०१७ ची, माझ्यानंतरची. तेवढ्यापुरती वही बाजूला.

हिशोब असा: पहिल्या प्रयत्नाला लागणाऱ्या अंतराच्या निम्मं मिळालं तर बरोबरची खूण. दुसऱ्याला सत्तर टक्के मिळालं तर. तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण मिळालं तरच. तिकडचे आकडेवाले हाच नियम वापरतात आणि घरी पेन्सिलीनं करता येतो. सामना एकतर्फी झाल्यावरच्या खेळी धरायच्या नाहीत. एक साठ यार्डांची धाव सगळी सरासरी फुगवते, खुणांची मोजदाद तिला फसत नाही.

आणि नीटनेटकेपणा बघा. दोन खेळींच्या मधे चाळीस सेकंद असतात. पोरं बाजूला वळून बघत उभी, घड्याळ संपत आलंय, घाईत टाइमआउट मागितला, हे एका सामन्यात तीनदा झालं की ओसीची घडी बसलेली नाही. २०२४ पासून कोचला एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये थेट बोलता येतं, घड्याळावर पंधरा सेकंद राहीपर्यंत. म्हणजे खुणा दिसल्या नाहीत ही सबब गेली. बाकी सगळ्याला वेळ द्यावा लागतो. हे मात्र पहिल्याच सामन्यात कळतं.

सप्टेंबरातले पहिले सामने बरेचदा दुबळ्यांशी असतात, त्यांचे आकडे मी वेगळ्या पानावर ठेवते. द्राक्षाची घडनिर्मिती एप्रिलच्या छाटणीनंतर डोळ्याच्या आत होते, दिसते ऑक्टोबरनंतर. ओसीचंही साधारण तेच. मार्च-एप्रिलच्या सरावात जे बसलं ते ऑक्टोबरातल्या तगड्या संघांसमोर उघडं पडतं. त्याआधी नावाजू नका, शिव्याही देऊ नका. मला स्वतःला हे फार जमतं असं नाही.

जानेवारी २०२४ चं पान

ब्रायननंतर आयोवानं टिम लेस्टरला आणलं. नाव ऐकून कुणी नाचलं नाही. वेस्टर्न मिशिगनचा माजी मुख्य कोच, तिथून काढलेला, मग वर्षभर ग्रीन बेच्या व्यावसायिक संघात विश्लेषक. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: "नाव लहान. ग्रीन बेची आडवी सरकणारी फळी आमच्या पोरांना येते. माती जुळते. मालक तोच. क्वार्टरबॅक नाही."

२०२४ मध्ये केलेब जॉन्सन १५३७ यार्ड पळाला. आदल्या वर्षी पाचशेही नव्हते. संघाची सरासरी १५.४ वरून २७.७ वर गेली. वर सांगितलेल्या ४२-१० मध्येही हाच मुलगा पळत होता. पासिंग मात्र तळालाच, कारण शेवटचं वाक्यही खरं निघालं. एक क्वार्टरबॅक गेला, दुसरा आला, तोही जायबंदी झाला. पाच वाक्यांतली पाचही बरोबर आली याचा मला आनंद झाला, पण दोन वर्षांपूर्वीच्या पानावर एका दुसऱ्या कॉलेजच्या ओसीबद्दल मी "फार चांगला, नक्की" असं पेननं लिहिलंय. कोण ते सांगणार नाही.

मग जानेवारी २०२५ मध्ये क्वार्टरबॅक आला, पोर्टलमधून. मार्क ग्रोनोव्स्की. साउथ डकोटा स्टेटचा. खालच्या गटाची दोन विजेतेपदं घेऊन आलेला. नाव कुठंतरी लिहिल्यासारखं वाटलं म्हणून मागची पानं चाळली. गौरीच्या रात्रीचं पान, कोपऱ्यात मेथीचा हिरवा डाग. समोरच्यांचा क्वार्टरबॅक म्हणून तोच. सात-तीननं हरलेला. स्पेलिंग चुकलं होतं, ते खोडून नीट लिहिलं.

भाच्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, "मावशी, आमचाही नवा ओसी आलाय, त्याचं पान केलंस का?"

"आधी, असताना, नंतर. तिन्ही तू भरून पाठव," मी म्हटलं. "मला उद्या पहाटे फवारणी आहे."